माहीत नाही, असं लिही

गुडघ्याचं ऑपरेशन करून ग्लेनिस हार्टविग पाच आठवड्यांनी कामावर आली, तेव्हा डोंगरातला वणवा विझून दोनच दिवस झाले होते. वॉन्डिली गावात अजून धुराचा वास भरून राहिला होता. नॉस्के टँक्सच्या आवारात विक्रीला उभ्या असलेल्या पाण्याच्या टाक्यांवर नुसतं बोट फिरवलं तरी काळं होत होतं.

तेवीस वर्षं ती या ऑफिसात ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देत आली होती. आधी फॅक्स यायचे, मग ईमेल येऊ लागल्या. डोंगराकडच्या शेतवस्त्यांवर नळाचं पाणी कधी पोहोचलंच नाही. छपरावर पडणारा पाऊस पन्हळीतून टाकीत घ्यायचा आणि वर्षभर तेच पाणी प्यायचं, ही तिथली रीत. त्यामुळे कोणी टाकीबद्दल विचारलं की खरं तर ते घरातल्या पिण्याच्या पाण्याबद्दलच विचारत असायचे. कोणाच्या टाकीत बेडूक शिरतात, कोणाच्या पन्हळीत युकॅलिप्टसची पानं अडकतात, कोणाची बायको गेल्यापासून पन्हळी साफ होत नाहीत, हे सगळं ग्लेनिसला ठाऊक होतं.

ती रजेवर गेली तेव्हा डीननं ईमेलसाठी एक एआय सहायक लावून घेतला. डीन नॉस्के चाळिशीचा, बापामागून धंदा सांभाळणारा. ग्लेनिस इथे लागली तेव्हा तो शाळेच्या बसमधून उतरून ऑफिसात येऊन तिच्या डब्यातले सँडविच खायचा. सहायकाला तिची काही हरकत नव्हती. पाच आठवडे पत्रं तुंबून राहण्यापेक्षा बरं, असंच ती म्हणाली होती. ॲडलेडहून जॅरड नावाचा एक सल्लागार आला, त्यानं दुपारभरात सगळं जोडून दिलं आणि सहायकानं कसं वागायचं याच्या अर्ध्या पानाच्या सूचनाही लिहून दिल्या. उत्तर जाण्याआधी डीननं रोज वाचायचं, असं ठरलं होतं. चार आठवडे त्यानं वाचलंही. मग डोंगर पेटला. डीन गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. पाच दिवस तो गाडीवर होता. निघायच्या घाईत त्यानं स्क्रीनवर एक खूण करून ठेवली होती, सहायकानं उत्तरं परस्पर पाठवून द्यावीत म्हणून.

सोमवारी सकाळी ग्लेनिसनं काठी टेबलाला टेकवली, पाय खुर्चीवर पसरला आणि गेलेली उत्तरं वाचायला घेतली. पहिली वीस-पंचवीस वाचून तिला जरा हेवाच वाटला. तोटीचा आकार, झाकणाची जाळी, टाकी कधी पोहोचेल, सगळं नीट आणि आपुलकीनं लिहिलं होतं, आणि शुद्धलेखनाची एक चूक नाही. मग मर्व्ह लिंडनरची ईमेल आली.

मर्व्ह ब्याऐंशी वर्षांचा, डोंगराच्या कुशीत मेंढ्या पाळणारा. त्यानं रविवारी सकाळी लिहिलं होतं: ‘आग शेडपर्यंत आली होती. घर वाचलं. शनिवारी एक सर आली, तिच्याबरोबर छपरावरचं बरंच काही टाकीत गेलं. पाणी काळपट दिसतं. प्यायला चालेल का?’

खाली उत्तर होतं: ‘तुम्ही सुखरूप आहात हे वाचून फार आनंद झाला. काळजीचं कारण नाही. आमच्या टाक्या अन्नपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकच्या असतात, त्यामुळे तुमचं पाणी पिण्यासाठी सुरक्षित आहे. राख एक-दोन दिवसांत तळाशी बसेल. आपली, ग्लेनिस.’

तिनं ते परत वाचलं. मग फक्त शेवटचा शब्द पुन्हा वाचला. पाच आठवडे ती या खुर्चीवर बसली नव्हती, आणि तिच्या नावानं मर्व्हला राखेचं पाणी प्या म्हणून सांगून झालं होतं.

मर्व्हचा फोन लागेना. त्या बाजूच्या टेलिफोनच्या तारा जळाल्या होत्या, आणि ज्या मोबाइलवरून त्यानं ईमेल केली होती तो बंद लागत होता. ग्लेनिस काठी घेऊन मागच्या खोलीत गेली. डीन तिथे बाकावर बूट न काढताच आडवा झाला होता. तिनं त्याला उठवलं आणि छापलेला कागद हातात दिला. डीननं वाचलं. त्याचे डोळे धुरानं आधीच लाल होते. तो उठून बसला, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, मी गाडी काढतो. ग्लेनिसला अजून आठवडाभर गाडी चालवायची परवानगी नव्हती. दोघांनी दुकानातून पिण्याच्या पाण्याचे जेवढे खोके मिळाले तेवढे पिकअपमध्ये भरले आणि निघाले.

रस्त्यावर पोलिसांचं नाकं होतं, पण डीनचा अग्निशमन दलाचा पिवळा कोट बघून त्यांना सोडलं. पुढे दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि काळे खांब. एका वळणावर एक टाकी निम्मी वितळून दुमडलेली दिसली. जिथवर पाणी होतं तिथवरच ती शाबूत होती. ती आपल्याच आवारातून गेलेली आहे हे दोघांनीही ओळखलं.

मर्व्हचं घर खरंच वाचलं होतं. छपरावर विमानातून टाकलेल्या आगरोधक द्रावणाचे लाल पट्टे होते. मर्व्ह दारात आला, ग्लेनिसला बघून त्याचा चेहरा उजळला आणि तो लगबगीनं आत गेला. ती पायऱ्या चढून स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत त्यानं केटली नळाखाली धरली होती.

“मर्व्ह, ते पाणी ओतून द्या,” ग्लेनिस म्हणाली.

“अगं, चहा तर घेशील. एवढ्या लांबून, अशा पायानं आलीस.”

“ते पाणी प्यायचं नाही. डॉट कुठे आहे?”

डॉट, त्याची बायको, काल संध्याकाळपासून गावच्या दवाखान्यात होती. रविवारी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, थांबेनात, तेव्हा शेजारच्यानं तिला पोहोचवलं. मर्व्हचंही पोट बिघडलं होतं, पण मेंढ्या सोडून कसं जायचं म्हणून तो राहिला होता. धुरानं झालं असेल, असं त्याला वाटत होतं. आणि त्यानं आणखी एक सांगितलं. खालच्या वस्तीवरच्या दोन घरांच्या टाक्या वितळल्या होत्या, तेही कालपासून कॅन भरून इथूनच पाणी नेत होते. त्यांनी विचारलं होतं, मर्व्ह, हे चालेल ना? तेव्हा त्यानं त्यांना ईमेल दाखवली होती.

ग्लेनिस खुर्चीत बसली. ते उत्तर मी लिहिलेलं नव्हतं, असं तिनं सांगितलं. एका यंत्रानं लिहिलं, माझं नाव खाली घातलं.

मर्व्हनं केटली सिंकमध्ये उपडी केली. त्याला राग आला नव्हता. तो गोंधळला होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

“पोरी, मला ते पाणी बघूनच नको वाटत होतं,” तो म्हणाला. “चवही कशीतरीच होती. पण म्हटलं, ग्लेनिस म्हणतेय ना. तिला ठाऊक असणार.”

डीननं शिडी लावून टाकीला जोडलेला पन्हळीचा नळ सोडवला, म्हणजे पुढचा पाऊस तरी आत जाणार नाही. पाण्याचे खोके उतरवले, खालच्या दोन्ही घरी जाऊन कॅन ओतून द्यायला लावले, तिथल्या माणसांना दवाखान्यात दाखवायला सांगितलं. परतताना ते डॉटला भेटले. तिला सलाइन लावलं होतं, आता उलट्या थांबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आली. दोन-तीन दिवसांत घरी जाईल. डॉटनं ग्लेनिसचा हात हातात घेऊन आधी तिच्या गुडघ्याचीच चौकशी केली.

गाडीत बसल्यावर डीन म्हणाला, आज ते यंत्र बंद करतो. जॅरडला सांगतो, गुंडाळ तुझं सामान.

ग्लेनिसनं दुखरा पाय पुढे पसरला.

“सकाळपासून किती ईमेल आल्या असतील?” तिनं विचारलं.

“दीडशे. दोनशेही असतील.”

“मी दिवसाला चाळिसांना उत्तर देऊ शकते. उरलेल्यांनी काय करायचं?”

डीननं गाडी सुरू केली.

“मी सकाळी जॅरडच्या सूचना वाचल्या,” ती म्हणाली. “नेहमी धीर द्या. नाही म्हणू नका. ग्राहकाला दुसरीकडे पाठवू नका, पहिल्याच उत्तरात शंका मिटवा. आणि आमच्या टाक्या सुरक्षित आहेत हे सांगायला विसरू नका. डीन, यंत्रानं अक्षरशः सांगितलं तेच केलं. मर्व्हचं छप्पर त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही असं म्हणायची सोय आपण ठेवली नव्हती. बंद नको करूस. आज फक्त परस्पर पाठवणं थांबव. सूचना मी लिहिते.”

“तू? तुला फोनवर फोटो पाठवता येत नाही.”

“उत्तर कसं द्यायचं हे येतं,” ग्लेनिस म्हणाली. “तेच लिहायचंय.”

पण आधी गेलेली चूक धुवून काढायची होती. आगीनंतर पाण्याबद्दल विचारणाऱ्या आणखी अकरा जणांना तसंच उत्तर गेलं होतं. ग्लेनिसनं अकरा नावं लिहून काढली आणि फोन घेऊन बसली. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं: आम्ही चुकीचं लिहिलं, ते पाणी पिऊ नका, माफ करा. यंत्रावर ढकललं नाही. एकानं तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्याच्या गुरांसाठी टँकर कधी येईल तेही विचारून ठेवलं. नऊ जण सोमवारीच सापडले, दहावा मंगळवारी सकाळी. अकराव्या ईमेलखाली नुसतं ‘के.’ एवढंच होतं. पत्त्यात रस्त्याचं नाव होतं, म्हणून तिनं त्या रस्त्यावरून शाळेची बस चालवणाऱ्या बाईला फोन केला. बाई म्हणाली, तो कर्ट असणार, बहिणीकडे उतरलाय. बहिणीचा नंबर मिळाला. कर्टनं पाणी प्यायलंच नव्हतं; तो बिअरवर होता. ग्लेनिस त्या आठवड्यात एकदाच मनापासून हसली, ती तेव्हा.

मंगळवारी दुपारी तिनं सूचना लिहायला घेतल्या. पहिलं वाक्य सोपं वाटलं: ‘पाणी सुरक्षित आहे असं कधीही सांगू नकोस.’ मग तिनं मर्व्हची ईमेल तशीच्या तशी सहायकाला देऊन पाहिली. उत्तर आलं की साधारणपणे अशा पाण्यानं फारसा त्रास होत नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द त्यात नव्हता, एवढाच काय तो फरक. तिनं लिहिलं, ‘पाण्याबाबत फार सावध राहा.’ मग एकानं दोन इंची तोटीबद्दल विचारलेलं जुनं पत्र देऊन पाहिलं, तर सहायकानं त्यालाही डॉक्टरचा सल्ला घ्यायला सांगितलं. डीन मागे उभा राहून वाचत होता. तो म्हणाला, बाईसाहेब, आता हा तोटीलाही औषध देईल. ग्लेनिसनं ती ओळ खोडली.

संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात एक गोष्ट आली. ती नुसते हुकूम लिहीत होती, कारण कुठेच लिहीत नव्हती. शेजारच्या टेबलावर कोणी शहाणं पण नवखं माणूस येऊन बसलं असतं, तर तिनं त्याला असे तोडके हुकूम दिले नसते. इथली माणसं कशी आहेत, काय झालंय, हे आधी सांगितलं असतं. बुधवारी सकाळी तिनं सगळं पुसलं आणि नव्यानं सुरुवात केली.

‘तुला पत्र लिहिणारा माणूस बहुधा तेच पाणी पितो,’ तिनं लिहिलं. ‘तुला त्याचं छप्पर दिसत नाही, पन्हळ दिसत नाही, पाण्याचा वास येत नाही. आमची टाकी चांगली आहे म्हणून आतलं पाणी चांगलं ठरत नाही. म्हणून पाणी पिण्याजोगं आहे का, असं कोणी विचारलं तर माहीत नाही, असं लिही. राख, धूर, लाल डाग, मेलेला प्राणी, बदललेला रंग, चव किंवा वास, यातलं काहीही पत्रात असलं तर तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, उकळून भागेल असं समजू नका, असं पहिल्याच ओळीत सांग. आरोग्य खात्याचा नंबर दे. ते पत्र लगेच माझ्याकडे पाठव आणि ग्लेनिस आजच फोन करेल असं सांग. मी करेन.’

मग ती थांबली, उठून दोन फेऱ्या मारल्या, गुडघा शेकला आणि पुढे लिहिलं:

‘इथली माणसं अडचण सांगत नाहीत. थोडी कटकट झालीय, असं कोणी लिहिलं तर घर जळालेलं असू शकतं. घाई नाही, असं लिहिलं तर टाकी रिकामी असू शकते. शब्द लहान असले तरी गोष्ट लहान समजू नकोस. शंका आली तर विचार. आनंद झाला, असं लिहू नकोस. तू काही बघितलेलं नाहीस. पण तोटी, झाकण, पाईप यांची साधी उत्तरं साधेपणानं दे, तिथे उगाच घाबरवू नकोस. आणि खाली माझं नाव घालू नकोस. तू नॉस्के टँक्सचा ईमेल सहायक आहेस, तेच लिही. कोणी विचारलं, माणूस आहेस का, तर नाही म्हणून सांग.’

तिनं ती तीन पानं जॅरडला पाठवली. तासाभरात त्याचा फोन आला. तो अदबीनंच बोलला. म्हणाला, फारच लांबलंय, जरा आटोपशीर करू या. आणि माहीत नाही हे वाक्य तेवढं काढू. त्यानं ग्राहकाचा विश्वास उडतो. सहीतही माणसाचं नाव असलं की लोकांना जवळचं वाटतं, तसा अनुभव आहे.

“जवळचं वाटतं, म्हणूनच डॉट लिंडनर दवाखान्यात गेली,” ग्लेनिस म्हणाली. “माझं नाव तेवीस वर्षांचं आहे, जॅरड. ते मी उसनं देत नाही. आणि लांबी मी कमी करणार नाही. तुला या सूचना चालू करायच्या नसतील तर कुठलं बटण दाबायचं ते सांग, मी दाबते.”

जॅरडनं त्या बाई आता कशा आहेत असं विचारलं, आणि बटण कुठे आहे ते सांगितलं. फोन ठेवताना त्यानं एक कामाची गोष्टही सांगितली: जी पत्रं अवघड वाटतात ती सगळी एकत्र ठेवा आणि सूचनेत एक ओळ बदलली तरी सगळी पुन्हा चालवून बघा. ग्लेनिसनं ते लगेच ऐकलं. जुन्या पेट्यांमधून तिनं चाळीस पत्रं निवडली: चिडलेली, अर्धवट, दोन ओळींची, एक तर नुसता बेडकाचा फोटो. गुरुवार सगळा त्यात गेला. पत्र द्यायचं, उत्तर वाचायचं, ओळ सुधारायची, परत पहिल्यापासून. दुपारी डीननं बेकरीतून खायला पेस्टी आणून तिच्यासमोर ठेवली ती चार वाजता जशीच्या तशी होती. संध्याकाळी मर्व्हच्या पत्राला उत्तर आलं: ‘तुमचं पाणी पिण्याजोगं आहे का हे मला माहीत नाही, आणि इथून ते कळूही शकत नाही. कृपया तपासणी होईपर्यंत ते पिऊ नका.’ तिनं ते दोनदा वाचलं आणि डीनला हाक मारली. त्यानं वाचून नुसती मान डोलावली. तरीही सगळीच उत्तरं परस्पर पाठवायची खूण तिनं करू दिली नाही. साध्या तोट्या-झाकणांची उत्तरं सोडून बाकी प्रत्येक उत्तर जाण्याआधी माणसानं वाचायचं, ही अट तिनं कागदावर लिहून डीनची सही घेतली.

पुढच्या बुधवारपर्यंत साचलेल्या पत्रांचा निचरा झाला. ग्लेनिस रोज दहा-बारा फोन करत होती, कारण सहायकाच्या उत्तरांत तसं वचन दिलेलं असायचं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक साधी ईमेल आली. योलांडा मीनी नावाची बाई, दरीच्या पलीकडची. तिला टाकीचं नवं झाकण हवं होतं. आधीचं वाकडं होऊन बसत नाहीये, माप एवढं एवढं, घाई नाही. ना राखेचा उल्लेख, ना पाण्याचा. झाकणाचं उत्तर म्हणजे न वाचता जाणाऱ्यांपैकी. तरी सहायकानं ते पाठवलं नव्हतं, तिच्यासाठी ठेवलं होतं.

मसुद्यात झाकणाचं माप बरोबर होतं. खाली लिहिलं होतं: ‘झाकण आगीच्या उष्णतेनं वाकडं झालं आहे का? तसं असेल तर राख आत गेलेली असू शकते. पाण्याबद्दल मला इथून माहीत नाही. खात्री होईपर्यंत कृपया ते पिऊ नका. ग्लेनिस आज तुम्हाला फोन करेल.’

झाकणाबद्दल तिनं सूचनांत असं काहीच लिहिलेलं नव्हतं. ग्लेनिसनं मसुदा जसा होता तसा पाठवला आणि लगेच फोन उचलला.

योलांडा घरीच होती. हो, ती म्हणाली, झाकण आग आली त्या गुरुवारीच वाकलं, पण टाकी उभी आहे, म्हणजे नशीबच. नाही, पाणी काही खास वाईट दिसत नाही. कुंपणं उभारायला शहरातून चौदा स्वयंसेवक आलेत, त्यांच्या चहासाठी आताच पाण्याचं मोठं भांडं चुलीवर ठेवलंय.

“योलांडा,” ग्लेनिस म्हणाली, “मी फोन धरून थांबते. आधी जाऊन ते भांडं उतरव.”

पलीकडून पावलं ऐकू आली, मग दुरून कोणाला तरी सांगितलेलं काहीतरी, मग सिंकमध्ये पाणी ओतल्याचा बराच वेळ चाललेला आवाज. तोवर ग्लेनिसनं टँकरवाल्याचा नंबर काढून ठेवला, डीनला खिडकीतून खूण करून पिकअप आणायला सांगितलं, आणि मोकळ्या हातानं सूचनांचं पान उघडून एक ओळ वाढवली: झाकण, जाळी किंवा पाईप वाकल्याचं कोणी लिहिलं, तर का वाकलं ते विचार.